मंगळवेढ्याचा कडबा, माणदेशाची दावण

बेगमपूरला भीमा ओलांडली की ज्वारीचा खरा मुलूख लागतो, असे सोलापुरात म्हणतात. तसे पाहिले तर ज्वारी नदीच्या अलीकडेही आहे. पण फेब्रुवारीच्या अखेरीस मंगळवेढ्याच्या शिवारात जे दिसते ते दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर पोहोचेल तिथवर पिवळी पडलेली ज्वारी. मध्ये झाड नाही, झुडूप नाही, बांधसुद्धा शोधावा लागतो. जमीन काळीभोर आणि खोल. उन्हाने पडलेल्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. परतीचा पाऊस ही जमीन पिऊन बसते आणि त्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी थंडीत वाढते. विहीर नाही, मोटार नाही. जमिनीतली ओल आणि पहाटेचे दव, एवढ्या भांडवलावर पुरुषभर उंचीचे ताट उभे राहते. या ज्वारीचे नाव मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला मालदांडी ३५-१ हा तिचा वाण महाराष्ट्रभर गेला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

शहरातली माणसे हल्ली जानेवारीत गाड्या घेऊन हुरडा खायला येतात, फोटो काढतात आणि परत जातात. हुरडा गोड असतो यात वाद नाही. पण कणसाखालचे जे चार-पाच हात ताट उरते, त्याचे पुढे काय होते हे पाहायला कोणी थांबत नाही. आम्ही थांबलो ते त्या ताटासाठीच.

वाचकहो, कडबा म्हणजे काय हे गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. पण आपल्या समाजाच्या दोन-तीन पिढ्या आता मुंबई, पुणे, सोलापूरच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत वाढल्या. त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीचे कणीस खुडून घेतल्यावर वाळलेले जे ताट उरते तो कडबा. तो वर्ष-दोन वर्षे टिकतो आणि गाय, बैल, म्हैस तो आवडीने खातात. हिरवा चारा नसला की जनावराचा जीव या वाळल्या वैरणीवर राहतो. आणि माणदेशात हिरवा चारा बहुतेक महिने नसतोच.

आम्ही पाच जण निघालो होतो. दोन बहिणी, एक निवृत्त गिरणी कामगार, एक शिक्षक आणि सोबतीला एक कॉलेजातला मुलगा. आमच्यातल्या एकीची लेक आटपाडी तालुक्यात दिली आहे. तिच्या सासरी दोन एकर माळरान आहे, वतनात मिळालेला जुना हाडोळा. त्यात बाजरी झाली तर होते. दारात एक गाभण म्हैस आणि सात शेळ्या. तिकडून निरोप आला होता की तिथे येणाऱ्या कडब्याचा भाव परवडत नाही, मंगळवेढ्यातच चार घरांनी मिळून टेम्पोभर घेतला तर पाहा. म्हणून आम्ही आधी मंगळवेढा, मग सांगोला आणि तिथून आटपाडी असा प्रवास ठरवला. कडबा जसा जातो तसे जायचे.

पहिल्या दिवशी सकाळीच आम्ही काढणीच्या रानात उतरलो. रब्बी ज्वारी इकडे विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी ताट बुडाशी धरायचे, कमरेतून वाकून हिसका द्यायचा आणि मुळाची माती पायावर झटकायची. असे दिवसभर. काळ्या रानात ओल आटलेली असते, मूळ घट्ट बसलेले असते. हातांना पहिल्या दोन दिवसांत फोड येतात, नंतर ते फुटतात, नंतर तळवा लाकडासारखा होतो. आमच्यातल्या कॉलेजच्या मुलाने हौसेने एक तास ताटे उपटली. दुपारी त्याला भाकरीचा तुकडा मोडता येईना.

उपटलेली ताटे पसरून वाळू द्यायची, मग पेंड्या बांधायच्या. पाच पेंड्यांचा एक पाचुंदा. कणसासकट पेंड्या गोलाकार उभ्या रचल्या की बुचाड. मग बायका बुचाडाभोवती बसून कणसे खुडतात. कणसे मळणी यंत्रात जातात आणि उरलेल्या पेंड्यांची गंज रचतात. मळणीला यंत्र आले, पण ताट उपटायला इथे अजून माणसाचेच हात लागतात. आणि ते हात कोणाचे? आम्ही ज्या रानात गेलो तिथे तेरा माणसे होती. नऊ बायका, चार पुरुष. त्यांत सहा घरे बौद्ध, दोन मातंग. एकाच्याही नावावर ज्वारीचे रान नव्हते. आम्ही "जयभीम" म्हटल्याबरोबर एका मावशीने कंबर सरळ करून "जयभीम" केला आणि पुन्हा वाकली. काम उक्ते होते, एकरावर. थांबले की तोटा त्यांचाच.

जेवणाच्या वेळी लिंबाखाली बसलो तेव्हा त्याच मावशी बोलल्या. पूर्वी काढणीच्या मजुरीत धान्य आणि पेंड्या मिळत. हंगाम संपला की मजुराच्या दारातही एक लहानशी गंज उभी राही आणि तिच्यावर एक म्हैस निभावून जाई. आता मजुरी रोख मिळते. "पैसं चांगलं हायती, न्हाई म्हणत न्हाई," मावशी म्हणाल्या, "पर म्हशीनं नोटा खाल्ल्या आस्त्या तर बरं झालं आस्तं." सगळे हसले. त्यांची म्हैस चार वर्षांपूर्वी विकली गेली. जी पेंडी त्या स्वतः बांधतात तीच विकत घ्यायची तर मजुरीचा मोठा वाटा तिच्यात जातो. रोख मजुरी हा हक्काचा विजय आहे, बलुत्याच्या उपकाराखालून सुटणे आहे, हे आम्हाला मान्यच आहे. पण दुधाचा तांब्या त्या घरातून गेला, हेही खरे आहे.

संध्याकाळी मंगळवेढे गावात फिरलो. हे गाव संतांचे म्हणून प्रसिद्ध. दामाजीपंतांची गोष्ट इथे शेंबडे पोरही सांगते. दुष्काळात त्यांनी बादशहाचे धान्याचे कोठार भुकेल्यांना लुटू दिले आणि त्याची किंमत बेदरच्या दरबारात भरायला विठू महार गेला, अशी कथा. खुद्द देवाने महाराचे रूप घेतले, असे कीर्तनकार मोठ्या भक्तीने सांगतात. आम्ही त्या कथेकडे जरा वेगळ्या बाजूने पाहतो. गावाचा निरोप, गावाचा पैसा, गावाचा माल दूरवर सुखरूप पोहोचवायचा तर तो महारानेच, ही त्या काळची रोजची रीत होती. म्हणून तर देवालाही त्याच वेषात जावे लागले. चोखोबा याच गावचे. १३३८ साली गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला इंग्रजी ग्रंथ ज्या तिघांना अर्पण केला त्यांत नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखोबांचे नाव आहे.

वैरणीचा आणि आपला संबंध किती जुना आहे, याची चर्चा त्या रात्री वस्तीतल्या विहारात झाली. महारकीच्या कामांत अंमलदाराच्या घोड्याला गवत आणि चुलीला लाकूड पुरवणे हेही एक काम होते. त्याचा मोबदला म्हणजे हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि सुगीला मागून आणलेल्या पेंड्या. दिवसरात्र राबायचे आणि हक्काचे मागायलाही दारोदार फिरायचे. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. विहारातल्या एका म्हाताऱ्या बाबांना आपल्या वडिलांच्या डोक्यावरचा गवताचा भारा आठवत होता. तो भारा चावडीवर टाकल्यावर पावती मिळत नसे, असे ते म्हणाले. आम्हाला तो शब्द लक्षात राहिला. पावती.

विषय निघाला म्हणून शिक्षकबंधूंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली हकीकत सांगितली. डहाणू, तलासरी, उंबरगाव हा पूर्वीपासून गवताचा मुलूख. तिथे जमीनदार गवत राखत आणि वारली माणसे ते कापत. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी संप केला, त्यात पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी ही मागणी होती. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. गवताच्या दराची मागणी आणि पाच माणसांचे प्राण. आज कोणाला सांगितले तर खोटे वाटेल.

दुसऱ्या दिवशी खरेदी. कडबा शेकड्यावर विकतात. शंभर पेंड्यांचा एक भाव. पण पेंडी म्हणजे काही लिटरचे माप नव्हे. कोणाची मांडीएवढी, कोणाची मनगटाहून थोडी जाड. म्हणून नुसता भाव विचारून उपयोग नाही, गंजीतली मधली पेंडी ओढून हातात तोलायची. पान किती टिकले आहे ते पाहायचे, कारण जनावर आधी पान खाते. बुडखा काळा पडला असेल तर पाऊस लागलेला आहे, वास घ्यायचा. असा काळवंडलेला, बुरशी धरलेला कडबा फुकट मिळाला तरी घेऊ नये, जनावर आजारी पडते. हे सारे आम्हाला आमच्यातल्या त्या बहिणीने शिकवले. बाई सोलापुरात विड्या वळते, पण माहेरी असताना शिकलेले विसरलेली नाही. दोन गंजी तिने नाकारल्या, तिसरी घेतली. शेतकरी म्हणाला, "बाई, तुमी व्यापाऱ्याच्या वर हाय." चार घरांसाठी मिळून सोळाशे पेंड्या ठरल्या, घरटी चारशे.

ज्वारीचे रान दर वर्षी कमी होत आहे, असे त्याच शेतकऱ्याने सांगितले. जिथे पाणी पोहोचले तिथे ऊस आणि मका आला. ज्वारीला काढणीचा खर्च फार आणि दाण्याला भाव बेताचा. "आता दाण्यासाठी नाही, कडब्यासाठी ज्वारी करतो," असे म्हणणारे शेतकरी आम्हाला एकापेक्षा जास्त भेटले.

टेम्पो भरणे ही एक कला आहे. हमाल चार, त्यांतले दोन वर आणि दोन खाली. खालचा पाचुंदा झेलावा तसा फेकतो, वरचा बुडखे बाहेर आणि शेंडे आत असे रचतो. रचता रचता भार टेम्पोच्या दोन्ही बाजूंना हात-दीड हात बाहेर येतो. उंची वाढली की सगळ्यांचे डोळे वर जातात, विजेच्या तारांकडे. महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे तारेचा स्पर्श होऊन कडब्याची गाडी पेटल्याची बातमी येते. वाळलेली वैरण पेटली की विझवायला वेळ मिळत नाही. ड्रायव्हरने भार मुद्दाम कमी भरायला लावला म्हणून दोन घरे कुरकुरली. आम्ही ड्रायव्हरच्या बाजूने बोललो. उरलेल्या पेंड्या दुसऱ्या खेपेला आल्या, भाडे वाढले, पण ते परवडले.

सांगोल्याला आम्ही थांबलो ते जनावरांचा बाजार पाहायला. खिलार बैल पाहावा तर इथे. पांढराशुभ्र, चपळ, लांब मागे वळलेली शिंगे, डोळ्यांत राग. म्हसवड आणि आटपाडीच्या भागात या जातीची पैदास पिढ्यान्‌पिढ्या होत आली. खरसुंडीच्या यात्रेत खोंडांसाठी दूरदूरचे गिऱ्हाईक येते. पण ज्या वर्षी वैरण महाग, त्या वर्षी बाजाराची तऱ्हा उलटते. विकणारे जास्त, घेणारे कमी. एक धनगर आजोबा जोडी घेऊन उभे होते. आम्ही विचारले, का विकता? ते म्हणाले, "ईकत न्हाई, वैरणीची सोय हुतीय का बघतूय." म्हणजे काय ते आम्हाला लगेच कळले नाही. एक बैल विकून दुसऱ्याला जगवायचे, हा त्याचा अर्थ. जोडीतला कोणता, हे ते सकाळपासून ठरवत होते.

त्याच आजोबांनी एक गोष्ट सांगितली, ती इथे मुद्दाम देतो. पावसाने ओढ दिली की कोवळी, खुरटलेली ज्वारी जनावरांना विष होते. हिरवे दिसते म्हणून भुकेले जनावर तोंड घालते आणि काही वेळातच आडवे होते. असे जनावर दिसले तर घरगुती उपायात वेळ न घालवता जनावरांच्या डॉक्टरला बोलवावे. तेच ताट पुरते वाढून नीट वाळले की त्याचा कडबा निर्धास्त घालता येतो.

सांगोला सोडले की रंग बदलतो. काळी जाते, मुरमाड माळ येतो. माणदेश म्हणजे माण नदीच्या दोन्ही तीरांचा टापू. साताऱ्यातला माण आणि खटावचा काही भाग, सांगलीतले आटपाडी, सोलापुरातले सांगोला. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. ढग येतात, पण सह्याद्रीवर रिते होऊन येतात. अशा मुलखात शेतीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून माणसाने जनावरावर ठेवला. मेंढरे घेऊन धनगर बांधव सुगीनंतर पाणी असलेल्या मुलखाकडे उतरतात, शेतात मेंढरे बसवतात आणि पावसाळ्याला परत येतात. मेंढराला पाय आहेत, ते चाऱ्याकडे जाते. गाय-म्हैस दावणीला असते, तिच्याकडे चारा आणावा लागतो. कडब्याचा व्यापार एवढ्या एका कारणावर उभा आहे.

या मातीने मराठीला दोन मोठे लेखक दिले. 'बनगरवाडी' लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर, आणि आपले शंकरराव खरात. शंकररावांचे वडील आटपाडीचे तराळ. त्याच तराळाचा मुलगा बाबासाहेबांच्या चळवळीत वाढला, वकील झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. 'तराळ-अंतराळ' आमच्यातल्या तिघांनी वाचले होते. कॉलेजच्या मुलाने वाचले नव्हते. आटपाडीच्या एस.टी. स्टँडवर त्याच्याकडून तसे वचन घेतले.

लेकीच्या घरी पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. वस्तीतली सारी माणसे पेंड्या उतरवायला धावली. रात्री अंगणात बसून छावणीच्या आठवणी निघाल्या आणि त्या पहाटेपर्यंत संपल्या नाहीत. २०१२-१३ चा आणि २०१८-१९ चा, असे दोन मोठे दुष्काळ या लोकांनी छावणीत काढले. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने दोन्ही वेळा छावणी चालवली. इतर ठिकाणी सरकारी मदतीवर संस्थांनी चालवल्या. छावणी म्हणजे मोकळ्या माळावर मेढी रोवून, वर चवाळे किंवा जुनी लुगडी बांधून केलेली सावली, आणि तिच्याखाली जनावर व माणूस एकत्र. घरातला एक तरी माणूस जनावराजवळ राहायला हवा. बहुतेक घरांतून ती बाई असे. तान्ह्या मुलाची झोळी म्हशीच्या मेढीला बांधलेली. मोठी मुले घरी म्हाताऱ्यांपाशी, शाळेत जाणार की नाही ते त्यांच्यावर.

तिथे कडबा नसे, ऊस असे. कारखान्याच्या भागातून ट्रकने ऊस आणि उसाचे वाढे येत. ऊस गोड असला तरी ती पुरी वैरण नव्हे. वाढ्यातला ऑक्सॅलिक आम्ल जनावराच्या अंगातला चुना बांधून टाकतो, म्हणून वाढे चुन्याच्या निवळीत भिजवून द्यावे असे पशुवैद्य सांगतात. २०१९ च्या मे महिन्यात सरकारने मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपये आणि लहानामागे ५० रुपये दिले. एका खातेदाराची पाचच जनावरे घ्यायची, असा नियम होता.

नियम ऐकताना आम्ही विचारले, आणि शेळ्या? सगळे गप्प झाले. छावणीच्या हिशेबात बरीच वर्षे जनावर म्हणजे गाय, बैल, म्हैस. शेळ्या-मेंढ्यांची गणती नाही. आता पाहा, बागायतदाराच्या दारात गाई असतात, धनगराकडे मेंढरे आणि आपल्या वस्तीत शेळ्या. ज्याला जमीन नाही त्याच्या दारात शेळीच असते, कारण ती बांधावरच्या काटेरी झुडपावर जगते आणि अडीनडीला पटकन विकता येते. दुष्काळात झुडूपही उरले नाही, तेव्हा शेळीवाल्याने कुठे जायचे? शेळ्या-मेंढ्यांच्या छावण्यांना सरकारने मान्यता दिली ती २०१९ च्या उन्हाळ्यात, तीही मोठ्या ओरडीनंतर. लेकीच्या सासूने त्याआधीच अकरापैकी आठ शेळ्या विकल्या होत्या. नियम कागदावर सर्वांना सारखाच होता. तो करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपले दार मात्र नव्हते, असे आम्हाला वाटते.

पाण्याचेही तेच. टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी आता आटपाडीत आले आहे. त्यासाठी इथल्या लोकांनी फार मोठा लढा दिला. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरत आल्या. त्या चळवळीची एक मागणी आम्हाला फार मोलाची वाटते. पाणी जमिनीच्या एकरावर न वाटता कुटुंबावर वाटा, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही त्याचा वाटा द्या. पाणी आलेल्या रानांत आज डाळिंब आहे, ऊस आहे. चार पैसे आले, पक्की घरे झाली, याचा आनंदच आहे. पण भूमिहीनाच्या वाट्याचे पाणी अजून पाटातून उतरलेले आम्हाला दिसले नाही. ते मिळाले असते तर दहा गुंठे खंडाने घेऊन कडवळ करता आले असते आणि मंगळवेढ्याची वाट धरावी लागली नसती. तलाव आटले की गाळपेराची जमीन उघडी पडते, ती चाऱ्यासाठी नाममात्र भाड्याने देण्याचा निर्णयही त्या दुष्काळात झाला होता. आपल्या बचत गटांनी तहसील कचेरीत जाऊन त्याची चौकशी जरूर करावी आणि अर्ज दिल्याची पावती घ्यावी.

सकाळी उठलो तेव्हा सासूबाईंनी गंज रचायला घेतली होती. खाली दगड आणि काटक्या टाकून जमिनीपासून वीतभर उंच बैठक केली, म्हणजे ओल आणि वाळवी लागत नाही. वर उसाच्या पाचटाने शाकारायचे. शेजारच्या घरी कुट्टी यंत्र आहे; तिथे कडबा कापून आणला तर जनावर बुडखासुद्धा खाते, अख्खी पेंडी टाकली तर निम्मी तुडवते. कापून द्यायचे पैसे पडतात, पण वाचते ते त्याहून जास्त.

मग हिशेब झाला. तारीख १५ मार्च. पेंड्या चारशे. म्हशीला दिवसाला चार टाकल्या तर शंभर दिवस, म्हणजे जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत. मृगाचा पाऊस वेळेवर आला तरी माळावर तोंड घालण्याजोगे गवत यायला जुलै उजाडतो. तीनप्रमाणे दिल्या तर एकशे तेहतीस दिवस, जुलैचा शेवटचा आठवडा गाठता येतो. पण म्हैस गाभण आहे, मे महिन्यात व्यायची. तेव्हा तिला कमी करून चालणार नाही. सून म्हणाली, आतापासून तीन, व्याल्यावर चार. सासूबाई म्हणाल्या, तिसरीतली अर्धी शेळ्यांना लागली तर? दोघींचे बोलणे बराच वेळ चालले. शेवटी ठरले की शेळ्यांसाठी बाभळीच्या शेंगा गोळा करायच्या, दुपारी पोरांना पाठवायचे, आणि पेंड्यांना हात लावायचा नाही.

घरात पाचवीतली नात आहे. तिने कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर ४०० लिहिले. रोज संध्याकाळी वैरण टाकून झाली की वजाबाकी करायची, असे तिच्याकडे काम दिले गेले. आम्ही परतीच्या गाडीसाठी निघालो तेव्हा पहिल्या दिवसाची वैरण टाकून झाली होती, आणि ४०० पुसून तिने तिथे ३९७ लिहिले होते.